सासूबाईंच्या टेबलाला मी दिलेले रंग

माझ्या सासूबाई कसबा पेठेत एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. मुलींच्या शाळेत त्यांनी तीसेक वर्षं गणित शिकवलं, त्यामुळे पेठेतल्या निम्म्या बायका त्यांना अजून ‘बाई’ म्हणतात आणि रस्त्यात दिसल्या की आपोआप ताठ उभ्या राहतात. मी त्यांचा जावई. राहायला वारज्याला. पूर्वी एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायचो, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा. दोन वर्षांपूर्वी कंपनीने मला जरा लवकरच मोकळं केलं. तेव्हापासून मी स्वतःच्या चुकांना पुरेसा वेळ देऊ शकतो.

मागच्या थंडीत सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. फार लागलं नाही, पण घराच्या दाराला लॅच आणि दुसरी किल्ली कोणाकडेच नाही. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी सुतार बोलावून दार उघडेपर्यंत पाऊण तास गेला. तेवढ्या पाऊण तासात माझ्या मेव्हण्याने नागपुरात निर्णय घेऊन टाकला की आईने आता तिकडेच यायचं. त्याने एक खोली रिकामी केली, तिला एसी बसवला. सासूबाईंना एसी नको होता आणि नागपूरही नको होतं. शेवटी माझ्या बायकोने तोडगा काढला. एक किल्ली आमच्याकडे राहील. किल्ली आमच्याकडे आहे तोवर आई कसब्यात. नाहीतर नागपूर.

मेव्हणा कबूल झाला. सासूबाई होईनात.

“किल्ली दिली की माणसं घरात येतात,” त्या म्हणाल्या. “आणि आली की सुधारणा करतात.”

सहा-सात महिने त्यांनी घोळवलं. ऑगस्टमध्ये नागपूरच्या सुनेचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्या तिला मदत करायला निघाल्या. बाल्कनीतल्या झाडांना पाणी घालायला कुणीतरी हवंच होतं. मग निघायच्या दिवशी त्यांनी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली.

“झाडांना पाणी घालायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही.”

“हो आई,” आम्ही दोघं म्हणालो.

“मी तुम्हाला सांगतेय,” त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. पोटची मुलगी शेजारीच बसली होती, तिला काही सांगायची गरज त्यांना वाटली नाही.

पहिले दोन दिवस मी खरोखर झाडांना पाणी घालून परत आलो. तिसऱ्या दिवशी पावसात भिजलो होतो, म्हणून म्हटलं चहा टाकू. चहा झाला. गाळणं काही सापडेना, म्हणून शोधत शोधत बाहेरच्या खोलीतल्या फडताळापर्यंत आलो. दोन्ही हातांनी डबे हुडकायचे म्हणून हातातलं गरम पातेलं मी क्षणभर टेकवलं. कुठे, तर तिथल्या टेबलावर.

या टेबलाबद्दल सांगायला हवं. साधंच आहे. सागवानी, दोन ड्रॉवरचं, खिडकीला लावून ठेवलेलं. त्यावर सासूबाईंनी आयुष्यभर पेपर तपासले आणि आता त्यावरच त्या जेवतात, वर्तमानपत्र वाचतात आणि लोकांचे हिशोब चुकलेले पकडतात. कोऱ्या चहाचा शेवटचा घोट कपात राहिला की त्याचा जो रंग दिसतो, तो त्या टेबलाचा. मी इतक्या वर्षांत त्याकडे कधी नीट बघितलं नव्हतं. पातेलं उचललं आणि पहिल्यांदा नीट बघितलं. खाली पांढरंशुभ्र वर्तुळ.

इथे कुठलाही शहाणा माणूस बायकोला फोन करतो. मी मोबाईलवर व्हिडिओ लावला. व्हिडिओतल्या बाईने टूथपेस्ट सांगितली होती. टूथपेस्टने काही होईना. मग शोकेसमध्ये मला सॅनिटायझरची मोठी बाटली दिसली, कोविडच्या वेळची उरलेली. माझा तर्क असा, की जे जंतू मारतं ते डाग काय सोडणार? फडक्यावर घेतलं आणि घासलं. आणि काय सांगू, फडकं तपकिरी झालं! मला वाटलं, मळ निघतोय. चाळीस-पन्नास वर्षांचा मळ! मी नवं फडकं घेतलं. अंगात वारं शिरल्यासारखा घासत राहिलो. दहा मिनिटांनी वर्तुळ गेलं होतं. त्याच्या जागी थाळीएवढा गोरापान लाकडाचा तुकडा उघडा पडला होता. मी खुशीत होतो. उरलेलं टेबलही असं स्वच्छ केलं तर सासूबाई काय म्हणतील, असा विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला.

चार वाजता त्यांचा फोन आला. रोज चारलाच यायचा.

“झाडं?”

“ठीक आहेत आई.”

“बाकी?”

“बाकी काय असणार?”

हे माझं पहिलं खोटं. तेव्हा ते मला खोटंसुद्धा वाटलं नव्हतं, नुसतं उत्तर वाटलं होतं.

रात्रभर त्या गोऱ्या तुकड्याने मला झोपू दिलं नाही. मळ असता तर त्याखाली लाकूड इतकं कोरडं आणि खरखरीत का लागलं असतं, हे हळूहळू माझ्या लक्षात आलं. मी पॉलिश काढलं होतं. पाचव्या दिवशी मी टेबलाचा फोटो घेऊन रंगाच्या दुकानात गेलो.

“हा रंग द्या,” मी मोबाईल पुढे केला.

दुकानदाराने फोटो बघितला. मग बोट फिरवून स्क्रीनचा उजेड वाढवला. “असा धरला तर साग.” उजेड कमी केला. “असा धरला तर अक्रोड. कुठला देऊ?”

“टेबलासारखा.”

“टेबल आणलंय का?”

“टेबल कसं आणणार?”

“मग काहीतरी आणा त्याचं. फळी, पाय, काहीही. मोबाईलला आम्ही पॉलिश करत नाही.”

मागे उभ्या असलेल्या दोन गिऱ्हाइकांना हे फार आवडलं. आता एवढा अपमान झाल्यावर घरी जाऊन ड्रॉवर काढून आणणं माझ्या स्वाभिमानाला झेपेना. मी शेड कार्डावर बोट ठेवून अक्रोड घेतला, वर चकचकीत वार्निशचा एक डबा घेतला आणि असा काही चेहरा करून बाहेर पडलो की जणू माझा हा रोजचा धंदा आहे.

आणि गंमत म्हणजे तो रंग जुळला! ब्रशने तुकड्यावर लावला तेव्हा ओला रंग आणि जुनं टेबल यांत तसूभर फरक दिसेना. मी तीन बाजूंनी फोटो काढले. दुकानदाराला नेऊन दाखवावेत असंही वाटलं. ट्यूबलाइट बंद करून मी शीळ घालत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवसाच्या उजेडात बघितलं. उघडं लाकूड पाण्याला तहानलेल्या माणसासारखं रंग पिऊन बसलं होतं. टेबलाच्या मधोमध काळं वर्तुळ. वर वार्निशची चकाकी. लांबून बघितलं तर कुणीतरी टेबलावर तवा विसरून गेलंय असंच वाटावं.

यानंतरचं माझं वागणं मला आज समजावून सांगता येत नाही, पण त्या वेळी ते अगदी सरळ वाटत होतं. तुकडा टेबलाला जुळत नाही, तर टेबल तुकड्याला जुळवू. त्यासाठी सगळा वरचा भाग घासून काढायला हवा. आमच्या सोसायटीत एकाकडे घासायचं मशीन आहे, विजेवर चालणारं. ते मी मागून आणलं. त्याने देताना विचारलं, “चालवलंयस का कधी?” मी हसलो. ते हसणं त्याने होकार समजलं.

मशीन सुरू केल्यावर ते माझ्या हातात राहिलं हेच नशीब. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ते मला ओढत घेऊन गेलं. काळ्या वर्तुळाशी मी जोर लावून थांबलो आणि ते पुरतं निघेपर्यंत तिथेच धरलं. खोलीभर पिवळी भुकटी. आणि या सगळ्यात चार वाजले.

मशीन बंद करायला मला बटण सापडेपर्यंत फोन उचलला गेला होता.

“कसली घरघर?” सासूबाईंनी विचारलं.

“शेजारी,” मी म्हणालो. “शेजाऱ्यांकडे फरशीचं काम चाललंय.”

“पोस्टमास्तरांकडे?”

“हो.”

“बरं,” त्या म्हणाल्या. पुढे नागपूरच्या पावसाबद्दल बोलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी झाडांच्या आधी फरशीचं विचारलं. “कुठवर आलं पोस्टमास्तरांचं?”

“बाहेरची खोली झाली.”

“कुठली फरशी बसवतायत?”

“व्हिट्रिफाइड,” मी म्हणालो. “क्रीम कलरची.”

“अरे वा. या वयात हौस आहे.”

त्यानंतर रोज चौकशी. मी रोज थोडं थोडं काम पुढे सरकवत गेलो. स्वयंपाकघर झालं, कडेच्या पट्ट्या झाल्या, एक फरशी उलटी बसली म्हणून काढली. तपशील घातला की खोटं खरं वाटतं, असा माझा समज होता.

इकडे टेबल पूर्ण गोरं झालं होतं. पाय आणि ड्रॉवर मात्र जुनेच, कोऱ्या चहाच्या रंगाचे. पांढऱ्या टोपीखाली काळा कोट घातल्यासारखं ते दिसत होतं. जुनं पॉलिश लाखेचं असतं एवढं मला एव्हाना वाचून कळलं होतं. मग मीही लाखेचंच तयार पॉलिश आणलं आणि बाराव्या दिवशी, बाहेर धो धो पाऊस पडत असताना, वास जावा म्हणून बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवून ते लावलं. अर्ध्या तासात सगळं टेबल दुधाळ झालं. पहिल्यांदा गरम पातेल्याने जेवढं केलं होतं तेच आता मी टोकापासून टोकापर्यंत करून दाखवलं होतं.

त्या दिवशी घरी गेलो तर बायको दारातच थांबली. नाक आक्रसून माझ्याजवळ आली.

“दुपारी तीन वाजता?”

“काय?”

“वास येतोय तुझ्या अंगाला. निवृत्त झालास म्हणून काय दिवसाढवळ्या...”

“अगं, स्पिरिट आहे ते!”

“तेच म्हणतेय मी.”

दारू प्यायल्याचं कबूल केलं असतं तर कदाचित स्वस्तात सुटलो असतो. पण मी खरं सांगितलं, पातेल्यापासून. ती ऐकत गेली आणि सोफ्यावर बसत गेली, म्हणजे आधी कडेला, मग पूर्ण. फरशीचं ऐकल्यावर तिने कपाळाला हात लावला.

“तुला कळतंय का?” ती म्हणाली. “टेबलाचं सोड. आई किल्ली परत घेईल. आणि किल्ली परत घेतली की दादा तिला घेऊन जाईल. त्याला निमित्तच हवंय. ती तिथे दोन महिने टिकायची नाही. कोणाच्या चुका काढणार ती तिथे? ओळखतंय कोण तिला?”

या शेवटच्या वाक्यावर ती रडली.  किल्ली माझ्या खिशात होती आणि तिच्यावर एका बाईचं सगळं घर अवलंबून होतं, हे मी नऊ-दहा दिवस टेबलाचा रंग बघण्याच्या नादात विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी टेबलाचा एक ड्रॉवर काढून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, स्कूटरवर पायांत धरला आणि चौकशी करत करत एका पॉलिशवाल्या मिस्त्रींकडे गेलो. सासूबाईंच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून त्यांची खोली. तीन पिढ्या तिथेच, हाच धंदा. मिस्त्री साठीच्या पुढचे, पांढरी दाढी, बोटांची नखं लाखेने कायमची तांबूस. मी ठरवलं होतं की टेबल कोणाचं ते सांगायचंच नाही.

त्यांनी ड्रॉवर हातात घेतला, उलटा केला, वास घेतला.

“बाईंचा ना?”

“कुठल्या बाई?”

“अहो, बाईंचा ड्रॉवर हा. ही कड बघा, इथे एक खोबण पडलीय. पोरगी माझी शिकवणीला जायची तेव्हा तिला आणायला जायचो, उभं राहून बघत असायचो. टेबलाला पहिलं पॉलिश माझ्या वडिलांचं.” मग माझ्याकडे वर-खाली बघितलं. “तुम्ही जावई. वारज्याचे.”

आता काय लपवणार? सॅनिटायझरपासून सगळं सांगितलं. मिस्त्री हसले नाहीत, हे मला जास्त लागलं. फक्त सॅनिटायझरचं ऐकून म्हणाले, “ते स्पिरिटच असतं बहुतेक. लाख स्पिरिटातच विरघळते. तुम्ही आमचं पॉलिश आमच्याच औषधाने काढलंत.”

ते घरी आले. टेबलावरून तळहात फिरवला, खिडकीच्या बाजूने वाकून बघितलं.

“या पावसात मी हात लावणार नाही. दोन दिवस कोरडे मिळू देत.”

“बाई आठ दिवसांत येणार आहेत.”

“हवा त्यांना घाबरत नाही.”

सतराव्या दिवशी उघाड पडली. मिस्त्रींनी टेबल खिडकीपाशी ओढलं आणि मला ट्यूबलाइट लावायची बंदी घातली. माझं दुधाळ पॉलिश धुऊन काढलं. एका वाटीत पातळ लाख, त्यात चिमूटभर पिवळी माती, चिमूटभर गेरू, आणि काडीच्या टोकावर येईल एवढी काजळी. हे लावलं मात्र टेबलाच्या खालच्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही. वाळू दिलं. मग जुन्या पायाला स्पिरिटाचं ओलं बोट लावून तो रंग ओला कसा दिसतो ते बघितलं. परत थोडा गेरू. असं चार वेळा. मी एका दिवसात केलेल्या कामाच्या नुसत्या तयारीला त्यांना अर्धा दिवस लागला.

“जरा फिकट नाही वाटत?” मी विचारलं.

“फिकटच ठेवायचा. वर लाख चढली की आपोआप गडद होतो. तुम्ही आधीच गडद लावला, मग वर जायला जागाच ठेवली नाहीत.”

कापसाची पुरचुंडी मलमलीत बांधून ते एकेक हात मारत गेले. दोन दिवसांत टेबलाचा वरचा भाग आणि पाय परत एका घरातले दिसू लागले. मी आनंदाने त्यांचा हात धरला.

“रंग जुळला,” ते म्हणाले. “पण इथे बघा.”

टेबलाच्या मधोमध, जिथे मी मशीन दाबून धरलं होतं, तिथे उथळ खळगा होता. समोरून काही नाही, पण खिडकीच्या उजेडात बशीसारखा चमकायचा.

“हा कशाने जुळवू?”

“राहू द्या. त्यांचं लक्ष जाणार नाही.”

मिस्त्रींनी माझ्याकडे असं बघितलं की मीच खाली बघितलं. मग मी मुख्य मुद्द्याला आलो. म्हणालो, “मिस्त्री, एक विनंती आहे. तुम्ही आला होतात हे बाईंना...”

“मी होऊन सांगणार नाही,” ते पुरचुंडी डब्यात ठेवत म्हणाले. “विचारलं तर सांगणार. माझ्या पोरीला त्यांनी दहावीला फुकट शिकवलंय. त्यांच्याशी खोटं मला जमायचं नाही. तुमचं तुम्ही बघा.”

बाविसाव्या दिवशी बायको सासूबाईंना स्टेशनवरून घेऊन आली. मी दार उघडून उभा. घर झाडलेलं, झाडं टवटवीत. सासूबाईंनी चपला काढल्या, टेबलाशी बसल्या, पर्स ठेवली आणि तळहात लाकडावरून फिरवला. खळग्यापाशी हात किंचित थांबला, की मला तसं वाटलं.

“चहा करा,” त्या म्हणाल्या.

मी चहा केला. बशीखाली जाड फडकं घातलं, फडक्याखाली वर्तमानपत्र. त्यांनी तो थर बघितला.

“पोस्टमास्तरांचं झालं का काम?”

“झालं ना! छान झालं.”

“क्रीम कलर.”

“हो. एकदम खुललंय घर.”

“बघून येते.” आणि त्या उठल्या.

“आई, थांबा!” मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की बायकोच्या हातातली पिशवी पडली. “तिकडे फरशी नाही बसवली.”

“मला माहीत आहे,” त्या परत बसल्या. “घरघर ऐकली त्याच दिवशी मी त्यांना फोन केला होता. म्हटलं, एवढं काम काढलंत, कळवलं नाहीत. ते म्हणाले, बाई, माझ्याकडे काही नाही, आवाज तुमच्याच घरातून येतोय.”

बायको पडलेली पिशवी उचलायला वाकली.

“म्हणून मी रोज विचारत होते,” त्या म्हणाल्या. “रोज तुम्हाला सांगायची संधी दिली. तुम्ही रोज एक फरशी बसवलीत.”

मग त्यांनी हात पुढे केला. “किल्ली.”

“आई,” बायको म्हणाली, “टेबल पूर्वीसारखं करून घेतलंय गं त्याने.”

“टेबलाचं मला काही नाही. टेबल उद्या जळलं तरी मी पाटावर बसून जेवेन. पण मी पडले, आणि हे फोनवर तुला ‘सगळं ठीक आहे’ म्हणाले, तर? मी कुणावर विश्वास ठेवायचा?”

मी किल्ली दिली. 

पुढचे चार दिवस वाईट गेले. मेव्हण्याचा रोज फोन. तो आवाज चढवत नाही, फक्त ‘मग काय ठरलं?’ असं विचारतो. बायको माझ्याशी आवश्यक तेवढंच बोलायची, म्हणजे ‘सरक’ आणि ‘गॅस बंद कर’. मी मेव्हण्याला फोन करून सगळा दोष माझा आहे, आईचा नाही, असं सांगितलं. तो म्हणाला, “म्हणूनच तर म्हणतोय मी.”

पाचव्या दिवशी सासूबाईंनीच बायकोला फोन केला. त्यांनी मिस्त्रींना बोलावून घेतलं होतं, खळगा दाखवायला. खळगा बघून झाल्यावर विचारलं, काय काय झालं ते सगळं सांगा. मिस्त्रींनी सगळं सांगितलं. मी सुरुवातीला ‘कुठल्या बाई?’ विचारलं इथपासून ते शेवटी काय विनंती केली इथपर्यंत.

“मग?” बायकोने विचारलं. तिने फोन स्पीकरवर टाकला होता.

“मग काय. किल्ली त्यांना दिली.”

“कोणाला?”

“मिस्त्रींना. दोन गल्ल्यांवर राहतात. तुम्ही वारज्याहून निघून सिग्नलला उभे राहाल तोवर ते येऊन, दार उघडून मला डॉक्टरकडे नेतील. त्यांच्या घरातही कुणी ना कुणी असतंच. दादाला सांग, दुसरी किल्ली आहे आणि शहाण्या माणसाकडे आहे. त्याने एसी परत काढावा.”

मेव्हण्याने दोन दिवस कुरकुर केली. मग मिस्त्रींशी स्वतः बोलला आणि गप्प झाला. म्हणाला, “माणूस नीट वाटतो.” माझ्याबद्दल त्याने हे वाक्य लग्नाला सव्वीस वर्षं होऊनही उच्चारलेलं नाही. बायकोने त्या रात्री मला भाजीत मीठ बरोबर आहे का असं विचारलं, त्यावरून आमचं बोलणं सुरू झालं असं मी धरलं.

आता मला सासूबाईंच्या घरात त्या नसताना जायचं असेल तर मिस्त्रींच्या खोलीवर जाऊन किल्ली मागावी लागते. ऑक्टोबरात एकदा वेळ आली. सासूबाई बायकोबरोबर हाडांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या आणि जुन्या तपासण्यांची फाइल घरी राहिली होती. मी स्कूटर काढून गेलो. मिस्त्री एका देव्हाऱ्याला पॉलिश करत बसले होते. त्यांनी हात पुसले, किल्ली काढली, पण दिली नाही. फोन लावला.

“बाई, जावई आलेत. फाइल न्यायची म्हणतात. देऊ?”

“त्यांच्या हातात काय आहे?” पलीकडून आवाज आला.

मिस्त्रींनी माझे हात बघितले. “हेल्मेट.”

“द्या. पण तुम्ही बरोबर जा.”

आम्ही दोघं गेलो. मिस्त्री दारात थांबले. फाइल टेबलावरच होती, ती घेतली. मागे वळलो तर बाल्कनीचं दार उघडं, आणि अवेळी आलेल्या सरीचं पाणी थेट आत, फरशीवर. मी क्षणभर नुसता उभा राहिलो. मग दार लावलं, कडी घातली, आणि स्वतःच फोन केला.

“आई, मी एका गोष्टीला हात लावला.”

“कशाला?”

“बाल्कनीच्या दाराला. उघडं राहिलं होतं. पाणी आत येत होतं.”

“मी लावून आले होते.”

इथे ‘हो, वाऱ्याने उघडलं असेल’ म्हणणं सोपं होतं. सगळ्यांना बरं वाटलं असतं.

“नाही आई,” मी म्हणालो. “कडी आतून काढलेलीच होती. राहून गेलं तुमच्याकडून.”

 मागे दवाखान्यात कुणाचा तरी नंबर पुकारला गेला तो मला ऐकू आला.

“फोन मिस्त्रींना द्या,” त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी ऐकलं, कडीकडे बघितलं, ओल्या फरशीकडे बघितलं. “खरं आहे बाई. उघडंच होतं.” मग थोडं ऐकून घेतलं आणि फोन मला परत दिला.

“पाणी पुसून घ्या,” सासूबाई म्हणाल्या. “फडकं मोरीपाशी आहे, निळं. दुसरं घेऊ नका. आणि या लवकर, आमच्यापुढे आता दोनच माणसं आहेत.”

मी निळं फडकं घेतलं.